ॲसिड विकताना नाव लिहून घेता का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विट्यात माझं किराणा दुकान आहे. २०२२ सालच्या मे महिन्यापर्यंत मी त्या दुकानात ॲसिड विकत होते. संडास-बाथरूम धुवायचं, पातळ प्लास्टिकच्या बाटलीतलं, वीस-पंचवीस रुपयांचं. बाटलीवर धड लेबल नसायचं. टेम्पोवाला सोमवारी बॉक्स टाकून जायचा आणि पुढच्या सोमवारी पैसे न्यायचा. फिनेल, खराटे आणि ॲसिड हा माल दाराजवळच मांडलेला असायचा, कारण वास आतल्या डाळी-पिठाला लागू नये. शाळेतून घरी निघालेलं पोर "आईनं ॲसिड सांगितलंय" म्हणायचं आणि मी पिशवीत घालून द्यायची. हे आधी सांगते. पुढे मी इतर दुकानदारांकडे काही मागणार आहे, तेव्हा माझा हिशेब आधी उघडा असलेला बरा.

ॲसिड म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. मी गलाईवाल्याची मुलगी. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, बहात्तरच्या दुष्काळानंतर खानापूर तालुक्यातलं कोरडवाहू रान भावाच्या हवाली करून केरळात त्रिशूरला गेले. आमच्या भागातल्या वाचकांना गलाई काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. सराफाकडचं जुनं, डागाचं सोनं शुद्ध करून द्यायचा हा धंदा. सोन्यात साधारण तिप्पट चांदी घालून मुशीत रस करायचा, तो पाण्यात ओतून बारीक दाणे पाडायचे आणि ते शोऱ्याच्या तेजाबात उकळायचे. चांदी आणि तांबं तेजाबात विरघळून जातं. तळाला तपकिरी गाळासारखं उरतं ते सोनं. शोऱ्याचं तेजाब म्हणजे नायट्रिक ॲसिड. त्याचा तांबूस धूर उठायचा आणि अण्णांना पहाटे खोकल्याची उबळ यायची. त्यांची बोटं कायम पिवळी असत. हा डाग साबणानं जात नाही, ती कातडी झडून नवी यावी लागते.

तेजाबाच्या काचेच्या बरण्या वाळू भरलेल्या लाकडी पेटीत असायच्या. पेटीला कुलूप, आणि किल्ली अण्णांच्या करदोड्याला. दुकानात दोन वह्या होत्या, एक सोन्याची आणि एक तेजाबाची. किती आलं, किती लागलं, किती उरलं ते रोजच्या रोज मांडायचं. भट्टीशेजारी पाण्याच्या दोन बादल्या भरलेल्या असायच्या आणि त्या पाण्यात कुणी हात धुतलेलेही अण्णांना खपत नसे. मी नऊ वर्षांची असताना गावाकडून आलेल्या एका पोराच्या हातावर तेजाब उडालं. आई हळद घेऊन धावली, शेजारचा तेल घेऊन आला. अण्णांनी दोघांनाही मागे सारलं, पोराचा सदरा फाडून काढला आणि त्याचा हात नळाखाली धरला. पाच-दहा मिनिटं नाही, चांगला अर्धा तास. पोरगं "सोडा, सोडा" म्हणून रडत होतं आणि अण्णा धरून बसले होते. "तेजाबाला आधी पाणी, मग डॉक्टर, बाकी सगळं नंतर," असं ते म्हणायचे. त्या पोराला आता नातवंडं आहेत. हातावर डाग आहे, पण कोपर वाकतं.

अशा घरात वाढलेल्या बाईनं तीच वस्तू खराट्याशेजारी मांडून कशी विकली? मी यावर खूप विचार केला आहे. मला एकच कारण सापडतं, नाव बदललं. तेजाब म्हटलं की मला अण्णांची पेटी दिसायची. ॲसिड म्हटलं की संडासाची फरशी. बाथरूमचं ॲसिड हे हायड्रोक्लोरिक, मिठाचं तेजाब, आणि ते शोऱ्याच्या तेजाबाइतकं जहाल नसेलही. पण फरशीवरचा थर जे खातं ते डोळ्याची बाहुली सोडत नाही.

मे महिन्यात दुपारी गिऱ्हाईक नसतं. अशाच एका दुपारी शेजारच्या गावची एक बाई सामान घ्यायला आली. तिचा नवराही गलाईतला, तामिळनाडूत. तिच्यासोबत मुलगी होती, डोक्यापासून हनुवटीपर्यंत ओढणी गुंडाळलेली, वर काळा चष्मा. आई यादी वाचत होती आणि मुलगी दाराजवळच्या बाटल्यांसमोर उभी होती. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "काकू, हे विकताना तुम्ही नाव लिहून घेता का?"

मी म्हटलं, "कशाचं नाव?"

आईनं तिचा हात धरला, सामान तसंच ठेवून दोघी गेल्या.

आठ दिवसांनी मी तिच्या घरी गेले, तेव्हा सगळं कळलं. ती आपल्याच राज्यातल्या एका शहरात कंपनीत नोकरीला होती. ओळखीच्या एकानं लग्नाचं विचारलं, ती नाही म्हणाली. त्यानं पुन्हा विचारलं, ती पुन्हा नाही म्हणाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत उभी असताना तो आला आणि त्यानं बाटली रिकामी केली. ती बाटली त्यानं खोलीजवळच्या किराणा दुकानातून आणली होती. दुकानदाराला त्याचा चेहरासुद्धा आठवत नव्हता आणि वही तर नव्हतीच. माझ्याकडे कुणी विचारायला आलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

ती म्हणते, लोक जमले खूप, पण हात कुणी लावेना. एका रिक्षावाल्यानं स्वतःच्या प्यायच्या पाण्याची बाटली तिच्या तोंडावर ओतली, तेवढंच पाणी तिला मिळालं. दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊण तास गेला. समोर चहाची गाडी होती, तिथं पाण्याचा पिंप भरलेला होता. हे ती अजून सांगते. त्या पिंपाचा रंग निळा होता, हेही सांगते.

म्हणून हा भाग कृपया गाळू नका. ॲसिड अंगावर पडलेलं माणूस दिसलं तर पाणी घाला. साधं, स्वच्छ, भरपूर पाणी, थांबून थांबून नाही, सलग, निदान अर्धा तास. ॲसिड लागलेले कपडे, दागिने, चप्पल काढा. ओढणी तोंडावरून ओढून काढू नका, कापा. तोंड अशा बाजूला वळवा की ओघळ दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. डोळे उघडे धरून धुवा. हळद, तेल, टूथपेस्ट, खायचा सोडा, काही लावू नका. ॲसिड पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. ११२ ला फोन करा, पण फोन एकानं करावा आणि पाणी दुसऱ्यानं घालत राहावं. आपल्या हाताला लागेल ही भीती खरी आहे, तर हातात दुकानातली प्लास्टिकची पिशवी घाला आणि घाला पाणी.

पुढच्या गोष्टी मला तिच्याच वकिलांनी समजावल्या. पहिल्या खासगी दवाखान्यानं आधी पैसे भरा म्हणून सांगितलं. त्याचं नाव मी लिहीत नाही. पण एप्रिल २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं आहे की खासगी दवाखान्यानंसुद्धा ॲसिड हल्ल्यातल्या व्यक्तीवर पूर्ण उपचार मोफत करायचे, औषधं, जेवण, खाट आणि नंतरच्या शस्त्रक्रियांसकट. आणि पहिल्या दवाखान्यानं ही व्यक्ती ॲसिड हल्ल्याची बळी आहे असा दाखला द्यायचा, म्हणजे पुढे कुठेही तिला पहिल्यापासून सिद्ध करत बसावं लागत नाही. उपचार नाकारणाऱ्या दवाखान्याच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे त्या रात्री तिच्या वडिलांना माहीत नव्हतं. ज्या माणसानं तीस वर्षं लोकांचं सोनं गाळून दिलं त्यानं बायकोचं होतं नव्हतं ते सगळं गहाण टाकून पैसे भरले.

आजपर्यंत तिच्या आठ शस्त्रक्रिया झाल्या. डावा डोळा गेला. मांडीची कातडी काढून गालाला आणि मानेला लावली. ती कातडी आखडते, मान एका बाजूला ओढली जाते, मग पुन्हा सोडवावी लागते. लावलेल्या कातडीला घाम नीट येत नाही आणि ऊन सोसत नाही. आमच्याकडचं एप्रिल-मेचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मिरजेला तपासणीला जायचं तर आम्ही पहाटेची एस.टी. धरतो.

तिनं मला जो प्रश्न विचारला, तो कुठून आला तेही तेव्हाच समजलं. लक्ष्मी अगरवाल या दिल्लीच्या मुलीवर २००५ मध्ये ॲसिड टाकलं गेलं, ती अल्पवयीन होती. तिच्या नावानं २००६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि १८ जुलै २०१३ ला न्यायालयानं विक्रीचे नियम घालून दिले. ॲसिड विकायचं तर वही ठेवायची. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, किती घेतलं आणि कशासाठी घेतलं ते त्यात लिहायचं. सरकारी फोटो ओळखपत्र बघितल्याशिवाय द्यायचं नाही. अठरा वर्षांखालच्या कुणालाही द्यायचं नाही. दुकानात किती साठा आहे ते उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या प्रांतांना, पंधरा दिवसांत कळवायचं. न कळवलेला साठा जप्त आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत वांद्रे टर्मिनसवर एका तरुणीवर ॲसिड फेकलं गेलं होतं. नौदलाच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू व्हायला ती दिल्लीहून आली होती. महिनाभर झुंजून १ जूनला ती गेली.

म्हणजे नऊ वर्षं हा नियम होता आणि नऊ वर्षं मी तो मोडत होते. मला कुणी येऊन सांगितलं नाही हे खरं. वजन-मापाचे लोक येतात, अन्न-औषधवाले येतात, जीएसटीचं पत्र येतं. ॲसिडची वही बघायला माझ्या दुकानात आजवर एकही माणूस आलेला नाही.

मी वही केली. लाल कापडी बांधणीची, अण्णांच्यासारखी. पहिल्या आठवड्यात सात लोकांनी ॲसिड मागितलं. त्यातल्या चौघांनी "संडास धुवायला आधार कार्ड दाखवायचं का आता?" म्हणून पुढचं दुकान गाठलं. दोघं रागावले, पण नाव लिहून घेतलं. एक आजी सही करता येत नाही म्हणून अंगठा देऊ लागल्या, त्यांना मी स्वतःच दुसरं काही घ्या म्हटलं. महिनाभरात वहीत अकरा नावं झाली. मग मला वाटलं, अकरा नावांसाठी हे दाराशी कशाला ठेवायचं? उरलेला माल टेम्पोवाल्याला परत दिला आणि विक्री बंद केली. आता गिऱ्हाइकाला मी लिंबूसत्व देते. आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचे पांढरे थर गरम पाण्यातल्या लिंबूसत्वानं निघतात, फक्त रात्रभर ठेवावं लागतं आणि सकाळी घासावं लागतं. कंपनीच्या संडास क्लीनरमध्येही आम्ल असतंच, हे खरं आहे. पण ते पातळ केलेलं असतं, घट्टसर असतं आणि त्यावर काय आहे ते छापलेलं असतं. उघडी, बिनलेबलची बाटली ही वेगळी गोष्ट. थंड पेयाच्या जुन्या बाटलीत भरून विकलेलं ॲसिड पाणी समजून प्यायलेली लहान पोरं आमच्या आसपासच्या गावांतही झाली आहेत, त्याबद्दल तर कुणी बोलतच नाही.

व्यापाऱ्यांच्या बैठकीत मी हा विषय काढला. मला ऐकावं लागलं की करणारा कुठूनही मिळवतो, चाकू विकणं बंद करणार का. याला माझ्याकडे एक उत्तर आहे, आणि ते माझ्या धाकट्या मुलीनं शोधून दिलं. बांगलादेशात २००२ साली असे हल्ले वर्षाला पाचशेच्या घरात गेले होते. त्याच वर्षी तिथं दोन कायदे झाले. एकानं शिक्षा कडक केली आणि दुसऱ्यानं ॲसिड बनवायला, आणायला, साठवायला, विकायला परवाना लावला. दहा वर्षांत आकडा शंभराच्या खाली आला. तिथले सगळे पुरुष दहा वर्षांत सुधारले, असं कुणी म्हणणार नाही. हाताशी बाटली नव्हती आणि बाटली घेतली तर नाव मागे राहत होतं. रागाच्या भरात माणूस जे हाताला लागतं ते उचलतो. त्याच्या हाताला काय लागावं ते थोडंफार आमच्या हातात आहे.

गलाईतल्या माझ्या बांधवांनाही एक सांगणं. दिवाळीला आणि यात्रेला परराज्यांतल्या पासिंगच्या गाड्या गावात येतात तेव्हा आम्हाला अभिमान वाटतो. ज्या धंद्यानं आपल्याला दुष्काळातून वर काढलं त्याची मुख्य वस्तू तेजाब आहे. पेटीला कुलूप आणि तेजाबाची वही ही आपल्या वाडवडिलांची शिस्त होती. न्यायालयानं २०१३ ला सांगितलं ते अण्णा १९७५ ला करत होते. कामावर नवीन पोरगं ठेवताना त्याला मूस धरायला शिकवण्याआधी किल्ली कुणाकडे असते ते शिकवा.

आता तिच्याबद्दल. मी तिला दुकानात कामाला बोलावलं. बी.कॉम. झालेली मुलगी, हिशेबाला पक्की. इथं मला माझी आणखी एक चूक सांगायची आहे. मी तिला मागच्या खोलीत, गोडाऊनच्या दाराशी टेबल लावून दिलं. मनात होतं की लोक बघतील, काहीबाही विचारतील, तिला त्रास होईल. सात-आठ महिने ती तिथं पोत्यांच्या मध्ये बसून काम करत होती. एक दिवस लाइट गेली, आत अंधार झाला, तशी तिनं वही उचलली आणि पुढे गल्ल्याशी येऊन बसली. लाइट आली तरी ती उठली नाही. मीही काही बोलले नाही. तेव्हापासून ती गल्ल्यावर आहे.

पहिल्या दिवसांत एक लहान मूल तिला बघून रडलं. काहींनी तिच्या हातातून सुटे पैसे घेताना बोटं आखडली. एक नेहमीच्या बाई सकाळी यायच्या त्या दुपारी यायला लागल्या. पण त्रास जितका मी मनात धरला होता तितका झाला नाही, आणि जो झाला तो तिनं निभावला. लोक विचारतात, "स्टोव्ह भडकला होता का गं?" ती म्हणते, "नाही, ॲसिड टाकलं एकानं." पुढचा प्रश्न सहसा येत नाही. एकदा मी कुणाला तरी सांगत होते की हिचा चेहरा जळाला. ती गल्ल्यावरून म्हणाली, "जळाला नाही काकू, जाळला." तेव्हापासून मी हा शब्द जपून वापरते.

पगार तिला रोख नको होता, स्वतःच्या नावाच्या खात्यावर हवा होता. भरपाईचे पैसे आले ते वडिलांबरोबरच्या संयुक्त खात्यात, आणि आधीचं स्वतःचं खातं बंद पडलेलं. २०२४ च्या शेवटी आम्ही एका बँकेत गेलो. सगळे कागद बरोबर होते. मग मोबाइलचा कॅमेरा तिच्यासमोर धरून तिला डोळे मिचकवायला सांगितले. एक डोळा नाही आणि दुसऱ्याची पापणी आखडलेली, ती पूर्ण मिटत नाही, रात्री ती डोळ्यावर पट्टी घेऊन झोपते. यंत्र म्हणे, माणूस जिवंत आहे की फोटो ते ठरवता येत नाही. कर्मचारी मुलगा चांगला होता, त्याला स्वतःलाच लाज वाटत होती, पण "सिस्टीम घेत नाही" यापुढे त्याचं काही चालेना. ती तिथं काही बोलली नाही. एस.टी.त विट्यापर्यंत काही बोलली नाही.

हा अनुभव तिच्या एकटीचा नव्हता. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या काही जणींनी याच कारणासाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती आणि ३० एप्रिल २०२५ ला निकाल आला. डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि डोळे मिचकवण्याऐवजी दुसरा मार्ग उपलब्ध करून दिलाच पाहिजे, असं न्यायालयानं सांगितलं. आम्ही त्या निकालाची छापील प्रत घेऊन पुन्हा गेलो. खातं उघडलं. पासबुक तिनं घरी नेलं नाही, गल्ल्याच्या खणात ठेवलं आहे.

पैशांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण गरज पडेल त्या घराला हे माहीत असायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार किमान तीन लाख, त्यातला एक लाख घटना कळल्यापासून पंधरा दिवसांत आणि बाकीचे पुढच्या दोन महिन्यांत. नंतरच्या निकालात न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की तीन लाख ही खालची मर्यादा आहे, वरची नाही. महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, तिच्यातून दहा लाखांपर्यंत मदत होऊ शकते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. वकील मोफत मिळतो, त्यांचा फोन १५१००. महिलांसाठी १८१. तिला पहिला लाख पंधरा दिवसांत नाही, सात महिन्यांनी मिळाला, आणि तोही फाइल दोनदा परत आल्यावर. पहिल्या पंधरा दिवसांतला लाख आणि सात महिन्यांनंतरचा लाख हे एकच पैसे नव्हेत. तोवर गहाणाचं व्याज चढलेलं असतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्ल्याचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्र काढून घ्यावं. सरकारी नोकरीतल्या दिव्यांगांच्या चार टक्क्यांत या गटाचा वाटा आहे. तिनं ते काढलं आहे आणि ती सध्या एका परीक्षेचा अभ्यास करते आहे. दुपारच्या निवांत वेळी पुस्तक गल्ल्यावर उघडं असतं. ती गेली तर मला तिच्यासारखं माणूस मिळायचं नाही, पण ती जावी असंच मला वाटतं.

जिल्ह्यातल्या बाकीच्या व्यापाऱ्यांना, कारखान्यांना, पतसंस्थांना माझं सांगणं एवढंच की अशी मुलगी कामाला मागत आली तर तिला आत बसवू नका. तिलाच विचारा कुठं बसायचं ते. आग्र्यात २०१४ पासून अशा मुली मिळून 'शीरोज हँगआउट' नावाचं कॅफे चालवतात. लोक ताजमहाल बघून तिथं चहा प्यायला जातात.

प्रांत साहेबांकडे मी लेखी अर्ज दिला आहे. तालुक्यातल्या किती दुकानांनी ॲसिडचा साठा कळवला आणि आजवर किती वह्या तपासल्या गेल्या, एवढे दोनच प्रश्न त्यात आहेत. उत्तर आलं की तेही तुम्हाला पाठवीन.

आणि संपादक महाशय, एक मागणं तुमच्याकडे. अशी बातमी येते तेव्हा मथळ्यात जवळजवळ ठरलेला शब्द असतो, "एकतर्फी प्रेमातून". मी तिच्या वडिलांसमोर तो पेपर घडी करून बाजूला ठेवला आहे, म्हणून लिहिते. प्रेमाला बाजू असतात का ते मला माहीत नाही, पण या प्रकरणात प्रेम कुठंच नव्हतं. एका मुलीनं नाही म्हटलं आणि एका माणसाला ते सोसलं नाही, एवढीच घटना. "नकार दिल्याच्या रागातून" असं छापता येतं, जागा थोडीच जास्त लागते. आणि बातमीत मुलीचं गाव, कॉलेज, वडिलांचा धंदा सगळं असतं, बाटली कुठून आली ते नसतं. ते विचारत जा. कुठल्या दुकानातून, वही होती का, वहीत नाव होतं का.

तिचा खटला अजून चालू आहे. घटना जुन्या कायद्याच्या काळातली म्हणून कलम ३२६-अ, किमान दहा वर्षं आणि कमाल जन्मठेप. आता नव्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम १२४ झालं आहे. आतापर्यंतच्या तारखांना ती आईबरोबर रात्रीच्या गाडीनं जायची, पण आईचे गुडघे आता चालत नाहीत. पुढच्या तारखेला मी तिच्यासोबत जाणार आहे. त्या दिवशी दुकान बंद राहील, तशी पाटी कालच लावली.

आपली,
विट्यातील एक किराणा दुकानदार
(खानापूर तालुका, जि. सांगली)

ता. क. माझं नाव आणि पत्ता सोबतच्या कागदावर आहे. मुलीनं हे पत्र वाचलं आहे आणि दोन ठिकाणी दुरुस्त केलं आहे. तिची ओळख तिच्या मर्जीशिवाय उघड होऊ नये, म्हणून माझंही नाव छापू नये ही विनंती.